रांग आणि क्रम : एका तांत्रिक विनिर्देशाच्या परिभाषेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेतील शब्द लोकव्यवहारातून उचललेला असला, म्हणजे तो आपल्याबरोबर जुन्या अर्थाचे संकेतही घेऊन येतो. ते संकेत नव्या क्षेत्रात कितपत खरे ठरतात हे तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम होय. या दृष्टीने सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००१ साली प्रसिद्ध केलेला ‘एंटरप्राइज जावाबीन्स २.०’ हा विनिर्देश विचारात घेण्यासारखा आहे. संदेश स्वीकारून त्यांवर काम करणारे ‘मेसेज-ड्रिव्हन बीन’ हे घटक प्रथम याच आवृत्तीत आले.

व्यवस्था थोडक्यात अशी. एक प्रणाली संदेश पाठवून मोकळी होते, संदेश ‘क्यू’मध्ये, म्हणजे रांगेत, साठतो, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर तो उचलून एखाद्या थ्रेडच्या हाती देतो. दर संदेशासाठी नवा थ्रेड निर्माण करणे खर्चाचे असल्याने काही थ्रेड आधीच सज्ज ठेवलेले असतात. या संचाला इंग्रजीत ‘पूल’ म्हणतात; मराठीत पूल नदीवर असतो, म्हणून येथे ‘ताफा’ हा शब्द योजला आहे. ताफ्याची गरज वादातीत आहे. सेकंदाला ५० संदेश येत असतील व प्रत्येकास सरासरी ०.२ सेकंद लागत असेल, तर जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार सरासरी १० संदेश सतत प्रक्रियेत असणार. एकटा थ्रेड सेकंदाला ५ संदेशच हातावेगळे करील आणि रांग वाढतच जाईल.

परंतु ताफा आला की ‘रांग’ या शब्दाचा एकसंध अर्थ फुटतो. थ्रेड एकच असेल तर संदेश रांगेत लागण्याचा, उचलला जाण्याचा आणि त्याचे काम पुरे होण्याचा क्रम सामान्यतः एकच राहतो. थ्रेड दहा झाले की हे तीन क्रम वेगळे होतात. मराठी बोलणाऱ्यास हा भेद अपरिचित नाही. ‘नंबर लागला’ म्हणजे आपण खिडकीपाशी पोचलो. ‘काम झाले’ ही गोष्ट निराळी.

समजा, खात्यात रक्कम जमा करण्याचा संदेश आधी आला व रक्कम काढण्याचा नंतर. पहिला उचलला गेला, पण दुसऱ्या एका सेवेच्या उत्तरासाठी ४०० मिलिसेकंद अडून राहिला. दुसरा २० मिलिसेकंदांनी वेगळ्या थ्रेडकडे गेला, ५० मिलिसेकंदांत संपला, आणि शिल्लक अपुरी म्हणून नाकारला गेला. येथे रांग मोडलेली नाही, एकही थ्रेड चुकलेला नाही. खातेदाराचे पैसे मात्र अडले.

विनिर्देशकारांना याची जाणीव होती. संदेश नेमक्या क्रमाने पोचतील याची हमी नाही, असे ते स्पष्ट सांगतात. आरक्षण रद्द करण्याचा संदेश आरक्षणाच्या संदेशाआधी पोचू शकेल, हे त्यांचे उदाहरणही मार्मिक आहे. ही प्रांजळता स्तुत्य होय. आक्षेप निराळा आहे. त्या परिच्छेदातील क्रियापद ‘पोचविणे’ हे आहे. समांतर कामास बाधा येत नसेल तर कंटेनरने क्रमाने पोचविण्याचा प्रयत्न करावा, अशी पुस्तीही जोडलेली आहे. हे सारे दुसऱ्या क्रमाविषयी झाले. कंटेनरने अगदी बिनचूक क्रमाने पोचविले तरी तिसरा क्रम उलटू शकतो, हे तेथे उच्चारलेले नाही. वरील खातेदाराचे नुकसान नेमके याच अनुच्चारित जागी होते.

यावर कोणी म्हणेल की, अनुभवी प्रोग्रामरास हे सांगावे लागत नाही. परंतु विनिर्देश हा ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी लिहावयाचा नसतो. शिवाय हाच विनिर्देश बीन लिहिणाऱ्यास स्वतः थ्रेड निर्माण करण्यास वा हाताळण्यास मनाई करतो. ज्याच्या दृष्टीआड ताफा ठेवला आहे, त्याच्यापुढे उरतात ते शब्दच; ते अपुरे असून चालणार नाहीत.

उपाय आहेत. ताफा एकाच थ्रेडचा ठेवता येतो, पण मग वेग जातो. एका खात्याचे सर्व संदेश एकाच गटात बांधून ते एका वेळी एकाच थ्रेडकडे जातील अशी सोय काही सर्व्हरांत असते. ‘जावा मेसेज सर्व्हिस’मध्ये अशा गटासाठी एक ऐच्छिक गुणधर्म नेमून दिलेला आहे. संदेशातच अनुक्रमांक घालून तो तपासणे हाही मार्ग आहे. मात्र यांपैकी कोणता उपाय हवा, हे कोणता क्रम राखावयाचा आहे हे ठरल्यावाचून कळत नाही. आणि तीन गोष्टींना एकच नाव असेतो ते ठरविणे कठीण.

म्हणून मराठीत या विषयावर लेखन करणाऱ्यांनी ‘रांगक्रम’, ‘ग्रहणक्रम’ आणि ‘पूर्तिक्रम’ असे तीन शब्द योजावेत, असे सुचवावेसे वाटते. रांग पहिल्याची साक्ष देते. तिसऱ्याची हमी ती देऊ शकत नाही.