भूजलाची साक्ष : ‘अ सिव्हिल ॲक्शन’ पुन्हा वाचताना

जोनाथन हार यांचे ‘अ सिव्हिल ॲक्शन’ १९९५ साली प्रसिद्ध झाले, त्या वर्षीचा नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पुरस्कार त्याला मिळाला आणि १९९८मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाला घेऊन त्यावर चित्रपट निघाला. कोर्टकचेऱ्यांवरच्या पुस्तकांत त्याचे नाव आवर्जून घेतात, ते योग्यच आहे. माझी तक्रार एकाच जागी आहे, पण ती जागा पुस्तकाच्या मुळाशी आहे. या खटल्यातला खरा वाद जमिनीखालच्या पाण्याच्या वेळापत्रकाचा होता. हार यांच्या हाती तो एका साक्षीदाराच्या फजितीची गोष्ट झाला.

प्रकरण मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावचे. ॲबरजोना नदीकाठी गावाने १९६४ आणि १९६७मध्ये ‘जी’ आणि ‘एच’ नावाच्या दोन विंधनविहिरी घेतल्या. मे १९७९मध्ये ‘जी’च्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे यंत्रांवरचे वंगण धुऊन काढणारे द्रावण, दर अब्ज भागांत २६७ भाग सापडले. (पुढे अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे ५ भाग.) विहिरी बंद झाल्या. पण तोवर त्या भागातल्या कितीतरी मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता. आठ कुटुंबांचा डब्ल्यू. आर. ग्रेस आणि बीट्रिस फूड्स या कंपन्यांविरुद्धचा खटला संघीय न्यायालयात उभा राहिला. १९८६च्या मार्चपासून जुलैपर्यंत, ७८ दिवस सुनावणी चालली.

मी भूशास्त्राचा पदवीधर नाही. भूजलाचे गणित पाठ्यपुस्तके समोर ठेवून घरीच शिकलो. त्याची पहिली पायरी कोणालाही करून पाहता येते. संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात चौकोनांचे एक शेत आखावे. कडेच्या चौकोनांत पाण्याची ठरावीक पातळी भरावी, आणि आतल्या प्रत्येक चौकोनाला सांगावे, की तुझी पातळी तुझ्या चार शेजाऱ्यांची सरासरी. मधल्या एका चौकोनात विहीर म्हणून पातळी खाली ओढून धरली, की आकडेमोडीच्या प्रत्येक फेरीबरोबर सगळे शेत त्या चौकोनाकडे वाकत जाते. दार्सीने १८५६मध्ये वाळूतून पाणी गाळून जो नियम मांडला, त्याचेच हे पोर.

पाणी कुठून कुठे जाते, ते यावरून कळते. कधी पोचते, ते मात्र कळत नाही. त्यासाठी माती किती सच्छिद्र, पाझर किती वेगाचा, विहिरीचा पंप कोणत्या महिन्यात चालू होता, हे सगळे लागते. वोबर्नच्या विहिरी तर कधी चालू, कधी बंद असत. पंप थांबला की जमिनीखालच्या वाटाही बदलत. शिवाय रसायन पाण्याच्या वेगाने चालत नाही. सेंद्रिय कणांना ते चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. ॲबरजोनाच्या दलदलीत कुजक्या वनस्पतींचे थर आहेत. तिथे पाणी पुढे जाते, विष मागे रेंगाळते. किती रेंगाळते, हा आकडा थोडा बदलला तरी पोचण्याचे साल बदलते.

कुटुंबांच्या बाजूने साक्ष दिली जॉर्ज पिंडर यांनी. त्यांचे म्हणणे असे, की विहिरींना नदीचे पाणी मिळत नाही. पलीकडच्या काठावरून ते नदीच्या तळाखालून येते. पण १९८५च्या अखेरीस यूएस जिऑलॉजिकल सर्व्हेने महिनाभर पंप चालवून पाहिले, तेव्हा विहिरींच्या पुढे नदीचा प्रवाह घटलेला दिसला. बीट्रिसचे वकील जेरोम फॅशर यांनी त्यावर पिंडरना घेरले. हार हे सगळे झकास रंगवतात. पण वाचकाला इथे वाटते, की नदीने पाणी दिले म्हणजे पलीकडचे विष येऊ शकत नाही. असे मुळीच नाही. विहीर नदीतूनही पिते आणि नदीखालूनही. प्रश्न वाट्याचा आणि वेळेचा आहे. वकिलाला तो टाळणे सोयीचे होते. लेखकाने का टाळावा?

याहून मोठी उणीव पुढे आहे. न्यायाधीश वॉल्टर स्किनर यांनी ज्यूरीला विचारले, की रसायनांनी विहिरी दूषित व्हायला लवकरात लवकर कधी सुरुवात झाली? महिना आणि वर्ष सांगा. ज्यूरीने बीट्रिसला सोडले आणि ग्रेसबाबत उत्तर दिले, सप्टेंबर १९७३. किमान एका मुलाच्या आजाराचे निदान १९७२मध्येच झाले होते! पुढे स्किनर यांनी ग्रेसची नव्या सुनावणीची मागणी मान्य केली आणि प्रकरण ८० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटले. पुस्तकाचा रोख इथे न्यायाधीशांच्या कलावर आणि वकिलांच्या डावपेचांवर राहतो. पण हा प्रश्न सर्वांत सज्जन न्यायाधीशाने विचारला असता तरी त्याचे प्रामाणिक उत्तर एक महिना नव्हते. अमुक सालापासून तमुक सालापर्यंत, एवढेच सांगता आले असते.

पिंडर हे या शास्त्राच्या आद्य लोकांपैकी. १९६८मध्ये जॉन ब्रेडहोफ्ट यांच्याबरोबर त्यांनी भूजलाच्या अभ्यासात संगणक कसा वापरावा, हे दाखवले. त्याच ब्रेडहोफ्ट यांनी १९९२मध्ये लेनर्ड कोनिकोव यांच्याबरोबर लिहिले, की भूजलाचे मॉडेल खरे ठरवता येत नाही. तपासून फार तर खोटे ठरवता येते. हा निबंध पुस्तकाच्या तीन वर्षे आधीचा. तो हाताशी असता तर पिंडर यांची साक्ष निराळ्या प्रकाशात दिसली असती. नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात स्कॉट बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वोबर्नचे मॉडेल नव्याने उभे केले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तर तिथे प्रदूषणाच्या उगमाच्या पाच जागा नोंदल्या आहेत. पुस्तकात न्यायालयात उभ्या आहेत दोनच कंपन्या. गोष्टीला दोन सोयीच्या असतात, पाण्याला तशी सक्ती नसते.

आपल्याकडे याच काळात राजस्थानातल्या बिछडीच्या विहिरींचे पाणी रासायनिक कारखान्यांच्या गाळाने रंगले. नागपूरच्या ‘नीरी’ने पाहणी करून जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च ३७.३८५ कोटी रुपये काढला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योग करणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी टाकली. त्याने पुरेशी काळजी घेतली होती की नाही, हा मुद्दाच तिथे उरला नाही. वोबर्नच्या आयांना महिना विचारला गेला, तसा बिछडीच्या शेतकऱ्यांना विचारावा लागला नाही. मात्र पैसे भरण्याची टाळाटाळ एवढी चालली, की २०११मध्ये त्याच न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला.

हार यांचे पुस्तक जरूर वाचावे. पिंडर यांची उलटतपासणी आली, की शेजारी कागदावर खोऱ्याचा नकाशा काढावा. नदीच्या पश्चिमेला चामड्याच्या कारखान्याची पंधरा एकर जागा, पूर्वेला दोन विहिरी, ईशान्येला ग्रेसचा कारखाना. मग फॅशर यांचा प्रत्येक प्रश्न त्या कागदावर ठेवून पाहावा.