चिडकं मूल आणि बायपोलरचं लेबल

मंडळी, आज बोलायचंय ते 'द बायपोलर चाइल्ड' या पुस्तकाबद्दल. डिमिट्री आणि जॅनिस पापोलोस या दांपत्याचं हे पुस्तक अमेरिकेत १९९९ साली आलं. आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. रोज घर डोक्यावर घेणाऱ्या मुलाच्या आईला तेव्हा एकच ऐकावं लागायचं, की तुम्हालाच मूल वळवता येत नाही. या पुस्तकाने तिच्यावर विश्वास ठेवला. आणि मुलांना बायपोलर होऊ शकतो, हेही खरंच आहे.

माझा आक्षेप पुढे आहे. बायपोलरची खूण म्हणजे एपिसोड. माणूस एरवीपेक्षा स्पष्ट वेगळा वागू लागतो, काही काळ तसाच राहतो आणि मग त्यातून बाहेर येतो. मॅनिया म्हणायला अमेरिकन निकष साधारण आठवडाभराचा काळ धरतात. पुस्तक म्हणतं, मुलांचं तसं नसतं. त्यांचा मूड एका दिवसात अनेकदा पालटतो. आता बघा, एपिसोडची अट काढली की हातात काय उरतं? चिडचिड, आदळआपट, झोपेच्या तक्रारी. हे एडीएचडीत दिसतं, नैराश्यात दिसतं, घरात मार खाणाऱ्या मुलातही दिसतं. ताप आहे म्हणजे मलेरियाच, असं म्हणण्यासारखं झालं हे!

दोष एकट्या पुस्तकाचा नाही. हार्वर्डचे जोसेफ बीडरमन तीव्र चिडचिडीलाच मुलांमधला मॅनिया मानत होते. परिणाम काय झाला? अमेरिकेत वीस वर्षांखालच्या दर एक लाखामागे बायपोलरचं निदान असलेल्या डॉक्टरभेटी १९९४-९५ मध्ये २५ होत्या, त्या २००२-०३ मध्ये १,००३ झाल्या. चाळीस पट! आणि निदानामागून औषधं येतात. त्यातल्या काहींनी वजन वाढतं, रक्तातली साखर वाढते. लहान मुलाच्या बाबतीत ही किंमत किरकोळ नाही.

पुढे एलन लायबेनलुफ्ट यांच्या गटाने सतत चिडणाऱ्या मुलांचा वेगळा अभ्यास केला. मोठेपणी त्यांच्यात बायपोलरपेक्षा नैराश्य आणि चिंता जास्त आढळली. म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये अशा मुलांसाठी वेगळं निदान आलं.

पण म्हणून उलट्या टोकालाही जायचं नाही हं. खरा मॅनिया 'वयच तसं आहे' म्हणून सोडून दिला, किंवा नुसतं नैराश्य समजून फक्त त्याच्या गोळ्या दिल्या, तर आजार भडकू शकतो.

मग डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं? चेकलिस्टमधल्या खुणांच्या बेरजेपेक्षा तारखा न्या. हे कधी सुरू झालं? मध्ये मूल पूर्ववत होतं का? तीन-चार तास झोपूनही ते ताजंतवानं, विनाकारण हर्षभरित होतं का? घरात कुणाला हा आजार आहे का? 'तो किती चिडतो' याच्याआधी 'तो कधी चिडत नाही' हे विचारलं गेलं पाहिजे. निदानाचा रस्ता तिथून सुरू होतो.