सोन्याच्या खाणीतला मुका माणूस

'के.जी.एफ. : चॅप्टर १' हा २०१८ सालचा कन्नड चित्रपट मी हिंदीत पाहिला, तालुक्याच्या थिएटरात. नायक खाणीतल्या गुलामांसाठी शत्रूचे मुंडके उडवतो, तेव्हा आमच्या वस्तीतली पोरे शिट्ट्या मारीत होती. मी त्या गुलामांकडे पाहत होतो. दिग्दर्शक प्रशांत नील यांनी त्यांना काळवंडलेले अंग दिले, चाबकाचे वळ दिले. विचार मात्र दिला नाही. ते फक्त तारणहाराची वाट पाहतात.

ही निव्वळ कल्पना आहे, असे म्हणून सुटका होणार नाही. कोलार गोल्ड फील्ड्स हे नाव खरे आहे. जॉन टेलर अँड सन्स कंपनीने १८८० नंतर तिथे सोने उपसले. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खाली उतरणारे बहुसंख्य तमिळ दलित होते. दाबाखालचा खडक अचानक फुटे आणि माणसे गाडली जात. जी वाचत, त्यांच्या छातीत सिलिकाची धूळ साचे. १९०२ साली शिवसमुद्रमहून वीज आली, ती यंत्रांसाठी. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सोने गेले, सायनाइड मिसळलेल्या मातीचे डोंगर वस्तीच्या उशाला राहिले.

पण ही माणसे मुकी नव्हती, हे मला ठासून सांगायचे आहे. पंडित अयोथीदासांनी १८९८ साली मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. त्याची शाखा याच खाणवस्तीत, मारिकुप्पमला होती. १९१४ मध्ये ते वारल्यावर त्यांचे 'तमिळन' साप्ताहिक पुढे कोलारच्या खाणवस्तीतून निघाले. चॅम्पियन रीफमध्ये त्यांची पुस्तके छापली गेली. १९३० साली बोटांचे ठसे घेण्याविरुद्ध कामगारांनी संप केला. हे सारे बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या कितीतरी आधीचे. वाचणारा, छापणारा, नकार देणारा हा माणूस पडद्यावर आला असता, तर त्याला तारणहार लागला नसता. म्हणूनच तो आला नाही.

पा. रंजित यांचा 'तंगलान' (२०२४) याला उत्तर देतो. जमीन हिरावलेला माणूस सोन्यामागे का जातो, ते तिथे कळते. तरी तिथले सोनेही मंतरलेलेच. धुळीने धापा टाकणारा म्हातारा कामगार अजून कुणी दाखवलेला नाही.

शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हाती 'तमिळन'ची गोष्ट आपण कधी दिलीच नाही.