ओटीपी कुणालाही सांगू नका

आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर 'तंत्रज्ञान आणि नागरिक' असा भारदस्त छापलाय. पण मी फक्त एका सहा आकडी संख्येबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाला या आठवड्यात ती एकदा तरी आली असेल. ओटीपी. आणि त्याच्यासोबत येणारं वाक्यही तुम्हाला पाठ आहे : हा ओटीपी कुणालाही सांगू नका. (हशा)

माझी टीका या वाक्यावर आहे. कारण आपल्याकडे हे वाक्य पाळलं, तर निम्म्या लोकांची कामंच होणार नाहीत.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे स्वयंपाकाला एक मावशी येतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला विचारलं, "दादा, जरा केंद्रावर येता का माझ्याबरोबर? ते लाडक्या बहिणीचं केवायसी करायचंय." गेलो. रांग मोठी होती. खिडकीत बसलेला मुलगा चांगला होता, पण दमलेला. त्यानं मावशींचा आधार नंबर टाकला आणि म्हणाला, "मावशी, ओटीपी सांगा." ओटीपी गेला मुलाच्या फोनवर, कारण आधारला नंबर त्याचा जोडलेला. मुलगा चाकणच्या कारखान्यात, आणि आत फोन नेता येत नाही. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं, आणि मुलाची पाळी सुटायची होती साडेतीनला. झालं, दुसऱ्या दिवशी या.

दुसऱ्या दिवशी मुलानं सुट्टी टाकली. पहिला ओटीपी मिळाला. मग खिडकीतून आवाज आला, "आता नवऱ्याचा आधार नंबर. आणि त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी." मावशी गप्प उभ्या राहिल्या. त्यांच्या नवऱ्यानं नऊ वर्षांपूर्वी दुसरा संसार मांडला. घटस्फोट नाही, कागद नाही, बोलणं तर नाहीच. वडील कधीच गेले.

आता इथं थांबून योजना बघू. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना १५०० रुपये. पात्र कोण? विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार. म्हणजे टाकलेली बाई सरकारच्या डोळ्यांसमोर होती, तिचा शब्द यादीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात पती किंवा वडिलांचं आधार मागितलं. गाऱ्हाणी वाढल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि पती-वडील हयात नसतील किंवा घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश द्या, अशी सोय केली. चांगलं झालं. पण टाकलेल्या बाईकडे कुठला दाखला असतो? नवरा सोडून गेल्याचं प्रमाणपत्र कुठलं कार्यालय देतं?

आता दुसरी बाजू. पडताळणी नकोच, असं मी म्हणत नाही. या योजनेत पुरुषांच्या नावानं हप्ते गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. तो पैसा तुमचा-माझा आहे, तो तपासलाच पाहिजे. आणि ओटीपी ही वाईट वस्तू आहे असंही माझं म्हणणं नाही. रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी खात्री सक्तीची केली, तेव्हा जगातले फार थोडे देश हे करत होते. नुसता कार्डाचा नंबर चोरून तुमचं खातं रिकामं करणं त्यामुळे अवघड झालं.

पण हे हत्यार कुणासाठी घडवलं होतं, ते बघा. बँकेत खातं असलेला, कार्ड बाळगणारा, खिशात स्वतःचा फोन असलेला माणूस. एक माणूस, एक फोन, एक नंबर, आणि तो नंबर कायमचा. हे गृहीतक त्या माणसापुरतं ठीक होतं. गडबड झाली ती तेच कुलूप रेशन, पेन्शन, लस, हप्ता अशा सगळ्या दारांना बसवलं तेव्हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची फेरी सांगते की स्वतः वापरतो असा मोबाइल देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. बाकीच्यांच्या घरात फोन असेल, पण तो नवऱ्याच्या खिशात, मुलाच्या हातात, नाहीतर दिराच्या दुचाकीबरोबर तालुक्याला गेलेला.

आणि नंबर कायमचा? तोही नाही. नंबर आपण विकत घेत नाही, भाड्यानं घेतो. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तेव्हाचा आनंद इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला : नंबर जिवंत ठेवायचा तर दर २८ दिवसांनी ३५ रुपये. आज तेच कंपनीप्रमाणे शे-दोनशेवर गेलंय. भरलं नाही, तर काही महिन्यांनी तुमचा नंबर दुसऱ्याला मिळतो. १५०० च्या हप्त्यातले शे-दोनशे रुपये मग हप्ता मिळत राहावा म्हणूनच खर्च करायचे. हा कर नाही, पण वसूल करासारखाच होतो. आणि जातो खासगी कंपनीकडे.

आता मूळ वाक्याकडे येतो. कुणालाही सांगू नका. त्या केंद्रावर मी दोन दिवस उभा होतो. ओटीपी न सांगणारी एकही बाई मी पाहिली नाही. मोठ्यानं सांगत होत्या, रांगेत ऐकू जाईल असं. खिडकीतला मुलगा म्हणत होता, "लवकर सांगा, दहाच मिनिटं चालतो." नीट ऐका हे वाक्य. फोनवरून फसवणारा भामटा हेच वाक्य बोलतो. त्याच घाईनं, त्याच सरकारी अधिकारानं. आपण वर्षानुवर्षं लोकांना शिकवतो की साहेबानं मागितला की आकडा सांगायचा. मग कुणी खोटा साहेब बनून फोन करतो, पैसे जातात, आणि आपण वर्तमानपत्रात म्हणतो, काय भोळी माणसं आहेत! भोळी नाहीत हो. शिकवलेलं पाळणारी आहेत.

बँकांपुरतं सांगायचं तर रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू, आणि एसएमएसच्या ओटीपीपलीकडचे पर्याय वापरायला त्यात वाव आहे. म्हणजे जिथं पैसेवाल्याचा प्रश्न आहे, तिथं कुलूप बदलायचा विचार सुरू झाला. गरिबाच्या दाराला मात्र जुनंच कुलूप.

पण माझी खरी तक्रार याहून खोल आहे. महाराष्ट्रात परित्यक्तांच्या प्रश्नावर चळवळ झाली, १९८० च्या दशकात, संगमनेरसारख्या ठिकाणी. तिच्या मागण्यांत एक साधी मागणी होती : आमचं रेशनकार्ड वेगळं द्या. नवऱ्याच्या कार्डावर नाव असलेली बाई नवऱ्यानं हाकलली, की धान्यालाही मुकते. ही लढाई हळूहळू कायद्यात उतरली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डापुरतं घरातली १८ वर्षांवरची सर्वात मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख, असं लिहून ठेवलं. याच राज्यात २०२४ मध्ये सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं. म्हणजे कायदा चाळीस वर्षं एका दिशेनं चाललाय. आणि अर्जातल्या एका रकान्यानं बाईला पुन्हा नवऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं. यासाठी विधानसभेत भाषण लागलं नाही, ठराव लागला नाही. कुणीतरी संगणकावर तो रकाना 'आवश्यक' करून ठेवला, बस्स. आजकाल राजकारण असंही होतं. ते बटणात असतं, म्हणून दिसत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या यंत्रणेत दुसरं काय करणार? याला आपल्याच अनुभवाचं उत्तर आहे. २०२१ मध्ये लशीसाठी कोविनवर नोंदणी सक्तीची होती, १८ ते ४४ वयाला तर फोनशिवाय दारच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं त्यावर प्रश्न विचारले. मे संपायच्या आत सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंद करायची सोय झाली. एका फोनवर एकापेक्षा जास्त माणसांची नोंद चालत होतीच. देश बुडाला नाही. उलट लसीकरण वाढलं.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. तीन गोष्टी. पहिली, ओटीपी हा अनेक वाटांपैकी एक असावा. अंगणवाडी सेविकेचा शेरा किंवा ग्रामसेवकाची नोंद ही वाटही पहिल्या दिवसापासून तेवढीच अधिकृत असावी, ओरड झाल्यावर दिलेली सवलत म्हणून नव्हे. दुसरी, बाईच्या हक्कासाठी पुरुषाच्या फोनवर आलेला आकडा कधीही मागू नये. नवऱ्याचं उत्पन्न तपासायचं असेल, तर ते सरकारचं काम आहे. तिसरी, काम झालं नाही तर 'का झालं नाही' हे लिहिलेली पावती मिळावी. आज "ओटीपी येत नाही, उद्या या" याची कुठेच नोंद होत नाही. ज्याची नोंद नाही, त्याची दाद कुठं मागणार?

मावशींचं काय झालं, हे तुम्ही विचाराल म्हणून सांगून टाकतो. त्यांनी दिराला फोन केला. दिरानं भावाला गाठलं. भावानं ओटीपी दिला, पण आधी अट घातली : पहिला हप्ता माझा. मावशींनी दिला. मला म्हणाल्या, "दादा, पैशाचं काही नाही. नऊ वर्षं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं."

ओटीपी कुणालाही सांगू नका, हे वाक्य आपण नागरिकांना रोज पाठवतो. आता एक वाक्य सरकारलाही पाठवायला हवं : बाईचा ओटीपी कुणाकडूनही मागवू नका.