शेडकार्ड वाचताना

नेलपॉलिशची समीक्षा लिहायची म्हटल्यावर काही जणी हसतील, काही जणींच्या कपाळाला आठ्या पडतील. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, साडीच्या पोताबद्दल तर आपण दुकानात बसून तासभर बोलतो. मग जी वस्तू आठवडाभर बोटांवर राहते तिच्याबद्दल 'छान दिसतंय गं' यापलीकडं बोलूच नये की काय? आमच्या बेळगावच्या खडेबाजारात नाहीतर गणपत गल्लीत दहा मिनिटं थांबून बघा. बांगड्या, टिकल्या, पिना आणि शेजारी नेलपॉलिशच्या बाटल्यांची रांग. दुकानदार रंगीत प्लॅस्टिकच्या नखांचं शेडकार्ड पुढं सरकवतो. ते शेडकार्ड म्हणजे एक मजकूरच आहे. तो आपण बघतो, वाचत नाही.

आधी नावं घेऊ. अमेरिकेत १९३२ साली रेव्हलॉन कंपनी सुरू झाली ती एकट्या नेलपॉलिशवर. तोवर मिळणारे रंग बहुतेक पातळ, आरपार दिसणारे. या लोकांनी रंगद्रव्याची पूड घालून दाट रंग आणले, आणि दाट रंगाबरोबर दाट नावंही. १९५२ साली त्यांनी ओठांना आणि नखांना जुळणारा एक लाल रंग काढला, नाव 'फायर अँड आइस'. जाहिरातीत बाईला पंधरा प्रश्न विचारले होते : तुझा स्वभाव धीट आहे का, तू चारचौघींसारखी की वेगळी, अशा धाटणीचे. रंग कसा आहे हे त्या नावातून कळतच नाही. कळतं ते एवढंच, की हा लावला तर तू कोण ठरशील. त्याच १९५२ साली आपल्याकडे टाटांनी लॅक्मे सुरू केली. लॅक्मे म्हणजे 'लक्ष्मी'चं फ्रेंच रूप. घरची लक्ष्मी फ्रान्सला जाऊन आली तेव्हा कुठं आपण तिला ड्रेसिंग टेबलावर जागा दिली!

आजची शेडकार्डंही त्याच वाटेनं चालली आहेत. नावात शहर, कॉफी, पार्टी, सुट्टी, नखरा सगळं असतं, रंग तेवढा नसतो. त्यापेक्षा आपली जुनी नावं किती सरळ! डाळिंबी म्हटलं की इरकलचा तो लाल डोळ्यांपुढं येतो. आमसुली, विटकरी, अबोली, अंजिरी, वांगी, पोपटी, मोरपंखी. बागेतलं, स्वयंपाकघरातलं, अंगणातलं काहीतरी हातात ठेवून रंग सांगायची ही रीत. सुनेला निरोप पाठवताना 'विटकरी रीळ आण' म्हटलं तर ती बरोबर रीळ आणते. 'सनसेट किस' आण म्हटलं तर काय आणील कोण जाणे.

पण आपली नावं तेवढी निर्मळ, असं म्हणायची सोय नाही. 'किरमिजी' हा शब्द घ्या. फारसीत किर्म म्हणजे किडा, आपल्या 'कृमी'चा सख्खा भाऊ. किरमिजाचे किडे वाळवून, कुटून हा लाल काढायचे. इंग्रजीतले 'क्रिमझन' आणि 'कारमाइन' त्याच घरातले. 'लाख' घ्या. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे बारीक किडे बसतात, अंगातून राळ सोडतात. ती खरवडून रंग निघाला तर अळता आणि राळ निघाली तर शेलॅक. बाटलीवर 'नेल लॅकर' लिहिलेलं असतं ना? तो 'लॅकर' आपल्या 'लाक्षा'चाच, परदेशी भाषांतून फिरून आलेला. श्वेतांबर परंपरेत श्रावकानं टाळायचे जे पंधरा धंदे सांगितले, ज्यांना कर्मादानं म्हणतात, त्यात लाक्षावाणिज्य आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त ती यादी दिली आहे. म्हणजे रंग सुंदर आहे हे मान्य करूनही 'तो आला कुठून' हा प्रश्न आपल्या लोकांनी फार पूर्वी विचारून ठेवलेला आहे. आपण फक्त तो बाटलीला विचारायला विसरलो.

बाटलीला विचारायचा तर ती उलटी करावी लागते. पुढं नाव, मागं आकडे. कधी हे आकडे खोक्यावर असतात, कधी तळाच्या स्टिकरखाली दुसरा स्टिकर असतो, तो सोलावा लागतो. 'सीआय' या दोन अक्षरांपुढचा पाच अंकी आकडा म्हणजे रंगाचं खरं नाव. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. ७७४९१ लोहाच्या गंजाचा तांबडा, ७७४९९ लोहाचाच काळा. १५८५० कारखान्यात तयार होणारा लाल, नेलपॉलिशच्या बहुतेक लालात हाच असतो. १९१४० पिवळा. ७७५१० गडद निळा. ७७०१९ अभ्रक, म्हणजे चमक. आता दोन आकडे लक्षात ठेवा. ७५४७० म्हणजे कारमाइन, कोचिनील किड्यांचा लाल. आणि ७५१७० म्हणजे ग्वानिन, जे माशांच्या खवल्यांपासून काढतात. 'मोतिया' चमक द्यायला ते फार पूर्वीपासून वापरलं गेलं. आता पुष्कळ ठिकाणी अभ्रकावर काम भागतं, तरी आकडा बघितल्याशिवाय कळत नाही. नावात मोती आणि आत खवले, असंही असू शकतं. उलटही होतं. 'शेलॅक' नावाची एक प्रसिद्ध जेलपॉलिश २०१० पासून बाजारात आहे, तिच्यात लाखेचा थेंब नाही. म्हणून नावावर खूष होऊ नये, नावावर रागावूही नये.

याच मागच्या बाजूवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. रंगांच्या यादीआधी बारीक अक्षरात 'असू शकेल' अशा अर्थाचे शब्द असतात, नाहीतर अधिक-उण्याची खूण असते. तिच्यापुढं त्या मालिकेतल्या सगळ्या छटांचे सगळे आकडे एकत्र ओतलेले असतात. तुमच्या हातातल्या बाटलीत त्यातला कोणता आहे, हे सांगायची तसदी नाही. चाळीस बाटल्यांना एकच यादी. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून बिस्किट घेणाऱ्या, कांदा-लसूण आहे का म्हणून हॉटेलात दोनदा विचारणाऱ्या आपण बायका. इथं मात्र 'असू शकेल'वर समाधान मानतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ साली बंदी आली, त्याच वर्षी तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही. ते चांगलंच झालं. पण चाचणी प्राण्यावर नाही, याचा अर्थ आत प्राणी नाही असा होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि जाहिरातीत त्या सोयीनं एक होतात.

आता घरातल्या बाजूकडं वळते. आपल्यात चौका लागतो, महाराजांचा किंवा माताजींचा आहार असतो, तेव्हा नेलपॉलिश लावलेली मुलगी दारातूनच परत फिरते. कुणीतरी अक्का हात बघते आणि म्हणते, 'हे काय गं? जा, पुसून ये.' मुलगी विचारते, 'का?' उत्तर येतं, 'चालत नाही म्हणून.' त्या दिवशी ती पुसून येते. पुढच्या वेळी चौक्याकडं येतच नाही. नियमाला माझा विरोध नाही. आहार देणाऱ्या हातावर वासाच्या द्रव्याचा थर नको, नखाखालचा मळ दिसायला हवा, काय शुद्ध म्हणताना ती खरंच शुद्ध हवी. हे कारण सांगितलं तर आजच्या शिकलेल्या मुलीला ते पटकन पटतं. माझी तक्रार कारण न सांगण्याबद्दल आहे. आणि जिनं हात बघितला त्या अक्कांच्या अंगावर काय असतं? कोसले उकळत्या पाण्यात टाकून काढलेलं रेशीम. एका साडीत किती जीव गेले याचा हिशोब चौक्याच्या दारात कुणी मागत नाही. नखाला एक माप आणि पदराला दुसरं, हे मुलींना दिसतं. त्या बोलत नाहीत, एवढंच.

यावर उपाय म्हणून नाही, पण या सगळ्यातून वाट काढताना मला घरी रंग मिसळण्याची गोष्ट फार मोलाची वाटली. चार बाटल्या घ्यायच्या : पांढरी, लाल, पिवळी, निळी. साध्या, चमक नसलेल्या, आणि पाठीमागं संशयाचा आकडा नसलेल्या. चारच असल्या की मागची बाजू नीट वाचता येते, न कळलं तर कंपनीला विचारता येतं. चाळीस बाटल्यांबद्दल कोण विचारत बसणार?

मिसळायला जुन्या डब्याचं स्टीलचं झाकण उत्तम. थर्माकोल किंवा पातळ प्लॅस्टिक घेऊ नका, ते विरघळतं. फिक्या रंगात गडद रंग घालायचा, टूथपिकच्या टोकानं, एका वेळी टिकलीएवढाही नाही. निळा फार जबर असतो, एक ठिपका जास्त पडला की परत फिरता येत नाही. लाल आणि पिवळ्यात निळ्याचा कण टाकला की विटकरी. लालात निळा थोडा वाढवला की आमसुली. पांढऱ्यात थोडा पिवळा, थोडा लाल घातला की अबोली. पांढरा बेतानं, नाहीतर रंग खडूसारखा मेलेला दिसतो. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतात, म्हणून पांढऱ्या कागदावर पारदर्शक टेप चिकटवून तिच्यावर दोन हात लावायचे आणि वाळू द्यायचे. उजेड खिडकीचा घ्यायचा, ट्यूबलाइटचा नाही. रंग पटला की स्वच्छ रिकाम्या बाटलीत स्टीलच्या दोन बारीक गोळ्यांसकट भरायचा आणि तळहातांत फिरवायचा. जोरात हलवला तर बुडबुडे नखावर येतात.

इथं काही गोष्टी फसतात, त्याही सांगायला हव्यात. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतला तर रंगाचा पापुद्राच धरत नाही. त्यासाठी थिनर वेगळा मिळतो. कुंकवाची पूड तळाला बसते आणि नख खरखरीत लागतं. हळद नखच पिवळं करून ठेवते. कारखान्यात रंगद्रव्य जितकं बारीक दळतात तितकं घरी दळता येत नाही, हे मान्य करून बाटलीतल्या रंगांवरच खेळायचं. जेलपॉलिश दिव्याखाली घट्ट होते, ती साध्या पॉलिशमध्ये मिसळू नये. आणि नेलपॉलिशचा पापुद्रा ज्या नायट्रोसेल्युलोजचा असतो तो कापसापासून बनतो आणि भडकन पेटतो, त्यातला द्रावही ज्वालाग्राही. तेव्हा गॅसजवळ किंवा निरांजनाजवळ हे उद्योग नकोत. खिडकी उघडी हवी.

या मिसळण्याचा खरा लाभ मला 'न्यूड' नावाच्या छटेपाशी दिसतो. न्यूड म्हणजे अंगासारखा रंग. कुणाच्या अंगासारखा? शेडकार्डावरचा तो फिकट गुलाबी आमच्या भागातल्या किती हातांना जुळतो? स्थळाच्या माहितीपत्रात आपण गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी असे चार रकाने करतो, आणि सावळीला 'तुला हा रंग नाही शोभत बाई' म्हणून गडद लाल नाकारतो, फिका तर जुळतच नाही. ती चार बाटल्या घेऊन बसली की लाल-पिवळ्यात निळ्याचा ठिपका आणि पांढरा कमी-जास्त करत स्वतःच्या बोटाशी रंग धरून बघते. जुळेपर्यंत बघते. आपल्या कातडीत किती पिवळा आहे, किती तांबूस आहे, हे एवढ्या शांतपणे तिनं कधी बघितलेलं नसतं. आजवर तिच्या रंगाकडं बघायचं काम दुसऱ्यांनीच केलेलं असतं.

भोगोपभोग-परिमाणाचं काय, असं कुणी विचारेल. चार बाटल्यांतून चारशे रंग काढले तर परिमाण कुठं राहिलं? प्रश्न रास्त आहे. हौस वाढते, अर्ध्या मिसळलेल्या बाटल्या वाळून जातात, ती नासाडीच. मी तरी बाटल्यांची मोजणी धरते, रंगांची नाही. एक संपल्याशिवाय दुसरा मिसळायचा नाही, आणि पर्युषणाचे दहा दिवस नखं कोरी. प्रत्येकीनं आपलं माप आपण ठरवावं, पण माप असावं.

एकूण शेडकार्डाला मी पासापुरतेच गुण देईन : दिसायला सुंदर, सांगायला अप्रामाणिक. कंपन्यांनी प्रत्येक बाटलीवर त्या बाटलीतलेच आकडे छापावेत, ही मागणी आपल्या महिला मंडळांनी करण्यासारखी आहे. एका पत्राचं काम आहे. तोवर दुकानात बाटली हातात आली की उलटी करून बघा. दुकानदार म्हणेल, 'ताई, रंग पुढून बघा की.' त्याला म्हणावं, पाणी गाळून पिणाऱ्या घरातली आहे मी, दोन्ही बाजू बघून घेते.