कपाटांच्या हद्दी

आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांत कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, इतिहास अशी जी खाती पाडलेली असतात ती कारकुनी सोयीची आहेत, याचा विसर ग्रंथपालाला पडला तरी फारसे बिघडत नाही. तो वाचकाला पडला म्हणजे मात्र वर्षानुवर्षे वर्गणी भरूनही तो एकाच कपाटाचा रहिवासी होऊन राहतो. ललित आणि वैचारिक, दोन्ही प्रकारचे ग्रंथ मराठीत मुबलक निघत असता, एकातून दुसऱ्याकडे जाण्याची वहिवाट तेवढी बुजत चालली आहे.

पानिपताचा मामला पाहावा. विश्वास पाटील यांची १९८८ सालची ‘पानिपत’ ही कादंबरी ज्याने तन्मयतेने वाचली, त्याला तीवरून त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथाकडे, तेथून राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाकडे, आणि अखेरीस ज्या बखरींच्या विश्वसनीयतेवर राजवाड्यांनी त्याच खंडाच्या प्रस्तावनेत कठोर आक्षेप घेतले त्यांपैकीच ‘भाऊसाहेबांच्या बखरी’कडे जाता येते. परंतु ही चार पुस्तके चार जागी वाटलेली, त्यांत राजवाड्यांचा खंड बहुधा संदर्भ विभागात कुलूपबंद; म्हणून जाणारा विरळाच. जो जातो त्याला खंडातील पत्रांत, रसद आणि खजिन्यासाठी गोविंदपंत बुंदेल्यांकडे भाऊंनी लावलेला तगादा वाचावयास मिळतो, आणि कादंबरीत शौर्याच्या तेजाने झाकलेली उपासमार आणि तंगी एकाएकी जमाखर्चाच्या रोखठोक भाषेत समोर उभी राहते. उलट, बुराडी घाटावरील दत्ताजी शिंद्यांचा अंत बखरकार ज्या आवेशाने सांगतो, तो पुराव्याच्या अदालतीत टिको वा न टिको, गद्य म्हणून तो आजच्या कोणत्याही कादंबरीकाराला हार जाणारा नाही, असे माझे मत आहे. कल्पित आणि वास्तव यांची फारकत न मानणारी बखर हीच जर आपल्या गद्याची एक जुनी पेढी, तर तिच्या वारसांना निरनिराळ्या कपाटांत कोंडण्यात हशील काय?

आणि ही कोंडी पुस्तकांनाही मानवत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ कथांत ठेवावी की व्यक्तिचित्रांत? इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ समाजशास्त्रात घालावे, महाभारतात की ललित निबंधांत? १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, एकाच माणसाचे असे दोन इसम करण्याची युक्ती कादंबरीची, ऐवज आत्मचरित्राचा. सर्वांत बोलके उदाहरण ‘श्रीमान योगी’चे. या कादंबरीच्या आरंभीच नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र छापलेले आहे. शिवचरित्रकाराने साधनांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे याची ती कसून केलेली चिकित्सा आहे. बहुसंख्य वाचक ती ओलांडून थेट कथेत शिरतात आणि पुढे वादविवादात कादंबरीतील प्रसंग इतिहासाचा दाखला म्हणून बेधडक पेश करतात. (व्याख्यातेही याला अपवाद नाहीत.)

ही वहिवाट राखण्याचे काम परीक्षणाचे. ‘ललित’ मासिक १९६४ पासून ग्रंथवार्ता पुरवीत आले आहे खरे, पण वृत्तपत्रांतील परीक्षण आक्रसून पुष्कळ ठिकाणी प्रकाशकाच्या निवेदनाचा गोषवारा उरला आहे, आणि तोही एका पुस्तकापुरताच. ते पुस्तक कोणत्या दुसऱ्या पुस्तकाशी भांडते, हे सांगण्याचा शिरस्ता उरलेला नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान यांची तरतूद केली, हे मोठेच कार्य. मात्र अनुदानाच्या हिशेबात ग्रंथांची गणती होते, वाचकाच्या भ्रमंतीची होत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडली आहेत. तेथेही घरटी एकेक साहित्यप्रकार नेमून देण्याचा सरकारी मोह आवरलेला नाही. तरीपण कवितेच्या ओसरीवरून इतिहासाच्या ओसरीवर पायीच जावे लागत असल्याने, योजनाकारांच्या बहुधा ध्यानीमनी नसता, वाचकाला हद्दी ओलांडण्याची मुभा मिळाली आहे. शहरातील ग्रंथालयांना एवढाही खटाटोप नको. पाटलांच्या कादंबरीत शेजवलकरांच्या ग्रंथाचा दाखल अंक लिहिलेली एक चिठ्ठी खोचून ठेवण्यास अनुदानाचा नवा वर्ग लागत नाही, की संचालनालयाचा हुकूमही लागत नाही.