लॉरिन हिल यांचा ‘मिसएज्युकेशन’ आणि संकराचा प्रश्न

‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ (१९९८) या अल्बमविषयीच्या लेखनात ‘संकर’ ही संज्ञा सर्रास आढळते. हिप-हॉप, सोल, रेगे, गॉस्पेल व डू-वॉप यांचा येथे मेळ आहे, हे खरेच. परंतु संकर म्हटले की भिन्न कुळांतील घटक एकत्र आणल्याचे गृहीत धरले जाते. हे सर्व प्रकार तर आफ्रिकी वंशाच्या विस्थापित समूहांच्या गानपरंपरेतूनच फुटलेले आहेत. ध्वनिमुद्रणासाठी हिल किंग्स्टनमधील मार्ली कुटुंबाच्या टफ गाँग स्टुडिओत गेल्या, तो या अर्थाने नात्याचा शोध होता.

‘एक्स-फॅक्टर’ हे गीत या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्यात वू-टँग क्लॅन या पुरुष रॅपरांच्या गटाच्या गीताचा अंश आहे आणि त्या गीताच्या मुळाशी ग्लॅडिस नाइट यांचा स्वर आहे. स्त्रीचा स्वर पुरुषांच्या रस्त्यावरील आठवणींतून फिरून पुन्हा स्त्रीच्या प्रेमवेदनेकडे येतो. २०१८ मध्ये ड्रेक व कार्डी बी या दोघांनीही आपापल्या गीतांसाठी याच गीताचा आधार घेतला. तथापि असे उसने अंश मोजणे म्हणजे प्रभावाचा जमाखर्च मांडणे होय. हिप-हॉपमध्ये पुरुषाने रॅप करावा व स्त्रीने ध्रुपद गावे, अशी कामाची वाटणी रूढ होती; हिल यांनी दोन्ही कामे एकाच कंठाकडे घेतली. बोलण्यातून गाण्यात सरकणारा हा कंठ पुढील पॉपमध्ये इतका सवयीचा झाला, की त्याचे नावीन्य आज जाणवतही नाही.

शीर्षक कार्टर वुडसन यांच्या १९३३ च्या ग्रंथाची आठवण देते. महात्मा फुले यांची ‘अविद्या’ येथे तुलनेसाठी सुचेल. पण फुले यांचा रोख प्रामुख्याने नाकारलेल्या विद्येकडे आहे, तर वुडसन यांचा दिल्या गेलेल्या चुकीच्या विद्येकडे. अल्बमच्या आरंभी वर्गात हजेरी घेतली जाते आणि लॉरिन गैरहजर असते. गैरहजर विद्यार्थिनीच पुढे बोलते, ही योजना मार्मिक आहे. मात्र ‘डू वॉप’मध्ये हीच विद्यार्थिनी शिक्षिका होऊन मुलींच्या केशभूषेवरही उपदेश करू लागते, तेव्हा योजनेचा तोल ढळतो.

फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’ हा ग्रॅमी पुरस्कार प्रथमच हिप-हॉप अल्बमला मिळाला, तो याला. त्यापूर्वीच, १९९८ मध्ये, सहभागी संगीतकारांच्या एका गटाने लेखन व निर्मितीच्या श्रेयासाठी दावा दाखल केला होता. २००१ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. समूहाच्या परंपरेतून घडलेल्या या कृतीवर निर्माती म्हणून ठळकपणे एकच नाव असावे, हा पेच त्या तडजोडीने सुटलेला नाही.